स्वतःचं माप

दवाबाजारात, दुपारी तीनला,
काउंटरमागचा पोरगा म्हणाला, “आंटीजी, कमर कितनी?”
आणि मला सांगता येईना.

रामबागेतल्या निम्म्या बायकांच्या कंबरा मला पाठ आहेत.
पुराणिकवहिनींची, बाळंतपणाआधीची आणि नंतरची.
मुजुमदारांच्या धाकटीची, जी दर लग्नसराईत
अर्धा इंच चोरून सांगते.
छत्तीस वर्षं टेप माझ्या गळ्यात लोंबतो आहे,
माझ्याभोवती एकदाही फिरला नव्हता.

म्हटलं, दे इकडे.
भिंतीकडे तोंड करून बेंबीवरून घेतला,
निऱ्यांवरून नाही, तिथे माप खोटं बोलतं.
चौतीस.
मी मनात अजून तीस धरून होते.

त्यानं तीन पट्टे मांडले.
पहिला काळा, चकचकीत, खोक्यावर पिळदार अंगाचा गोरा माणूस.
उलटा करून पाहिला. टाके लांब, इंचाला पाचसुद्धा नाहीत,
कडेला दोरा सुटलेला.
असा ब्लाउज दिला असता तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकला असता.
दुसरा छातीपासून बुडापर्यंत, दारासारखा ताठ.
“ये तो ऑपरेशनवालों का है,” म्हणत पोरानं आपणच उचलून ठेवला.
तिसरा बदामी, रंगाला काही रूप नाही,
जाळीचं कापड, मागे चार पात्या, दोन्हीकडून ओढायचं इलॅस्टिक.
ताणून सोडलं. निमूट जागेवर आलं.
साडेआठशे म्हणाला. सातशे ऐंशीला तुटलं.

फिजिओथेरपीच्या भंडारी मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या.
“मशीनवर बसाल तेव्हा बांधा, गाठोडं उचलाल तेव्हा बांधा.
झोपताना काढा.
सदा बांधून ठेवलात तर पाठ म्हणेल,
पट्टा आहे ना, मग मी कशाला राबू?”
मला आमचे धाकटे दीर आठवले.
“आणि आत दोन बोटं शिरली पाहिजेत,
श्वास पोटापर्यंत गेला पाहिजे.”
हे मी रोज सांगते, बाई. कुणी ऐकत नाही,
सगळ्यांना घट्टच हवं असतं.

पहिल्या दिवशी उलटा बांधला.
श्रीरंग म्हणाले, “आखाड्यात निघालीस?”
मग पेपर बाजूला ठेवून उठले
आणि मागची पाती कण्यावर बरोबर आणून दिली,
बोटांनी मणके मोजत.
काही बोलले नाहीत. मीही नाही.

काढताना चिकटपट्टी ओरडते,
चांगलं कापड कुणी उभं फाडावं तशी.
अजून दचकते.
माहेश्वरीचा एक धागा तिनं ओढलाच,
म्हणून मलमलीच्या कातरणाचं अस्तर शिवलं, हळदी रंगाचं,
कडेनं पायपिन. कुणाला दिसणार आहे?
हात राहत नाही.

दुखणं गेलेलं नाही.
मे महिन्यात तर घामानं पाठीवर जाळीचा ठसा उठतो,
आणि दिवेलागणीला ते आपलं येऊन बसतंच डाव्या बाजूला.
पण पट्टा वाकू देत नाही, म्हणून ताठ बसते,
आणि ताठ बसलं की नजर सुईवरून सुटते.
शटरबाहेर समोर एक सायकलवाला पंक्चर काढतो.
कधीपासून आहे, विचारलं.
“ग्यारह साल हो गए, दीदी.”

काल पुराणिकवहिनी आल्या,
लेकीच्या साखरपुड्याचं कापड घेऊन.
मला वाकता येईना, म्हटलं, तुम्हीच फिरा जरा.
त्या फिरल्या, हसत, दोनदा जास्त.
त्या गेल्यावर वही उघडली.
त्यांच्या मापाखाली लिहिलं:
कुंदा. कंबर चौतीस. अस्तरासकट.
शेवटचा रकाना, कपडा कधी देणार.
मॅडम सहा आठवडे म्हणाल्यात, व्यायाम केला तर.
पेन्सिलीनं लिहिलं,
खोडता येईल असं.